दिवस राहिले म्हणून मेसालामाइन बंद करू नका

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणणारे हे दोन जुनाट आजार, दोघांना मिळून आयबीडी म्हणतात) असलेल्या बाईला दिवस गेले की घरात पहिला निर्णय होतो तो मेसालामाइनसारख्या, आतड्याची सूज आवरणाऱ्या गोळ्या बंद करण्याचा. कधी सासूबाई म्हणतात, कधी मेडिकलवाला म्हणतो, कधी बाई स्वतःच पाकिटातलं बारीक अक्षरातलं पत्रक वाचून घाबरते. महिना-दोन महिने बरे जातात. मग संडासात रक्त आणि आव दिसायला लागते, रात्री तीनदा उठावं लागतं, वजन वाढण्याऐवजी उतरतं आणि शेवटी त्याच बाईला रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करावं लागतं. साधं औषध टाळलं आणि जड औषध पदरात पडलं.

बाळाचं वजन कमी भरणं, वेळेआधी बाळंत होणं, सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात होणं, या सगळ्याला आयबीडीत मोठं कारण असतं ते पेटलेलं आतडं. नेहमीची बहुतेक औषधं त्या मानाने निरुपद्रवी आहेत. अपवाद आहेत आणि ते पक्के आहेत, ते पुढे येतीलच.

दिवस राहण्याआधी

स्टिरॉइडशिवाय आजार तीन ते सहा महिने शांत राहिला की मग मुलाचा विचार करावा, हा सर्वमान्य नियम आहे. शांत आजारात दिवस राहिले तर गरोदरपणात तो उसळण्याची शक्यता एरवी असते तेवढीच राहते. आजार चालू असताना राहिले तर ढोबळ हिशेब तिहाईचा: एक तृतीयांश बायकांचा आजार सुधारतो, एक तृतीयांशांचा तसाच राहतो, एक तृतीयांशांचा बिघडतो. 'दिवस गेले की आपोआप बरं होतं' असं सांगणारी मावशी प्रत्येक घरात असते. तिने पाहिलेली बाई पहिल्या तिहाईतली.

शांत म्हणजे 'आता बरं वाटतंय' एवढंच धरू नका. संडासच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या. 50 च्या खाली उत्तम, 250 च्या वर म्हणजे आतड्याला सूज आहे, मधल्या आकड्यांचा अर्थ लक्षणांकडे पाहून लावायचा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि डी जीवनसत्त्व बघा. नागपूरच्या उन्हात राहून डी कमी कसं, असं लोक विचारतात. ऊन असतं बाहेर, आपण असतो कूलरपुढे. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग कापलेला असेल तर बी12 गोळीतून नीट शोषलं जात नाही, त्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शनच लागतं.

फॉलिक अॅसिड आधीपासून हवं. सर्वसाधारण बाईला रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, पण सल्फासालाझिन हे आयबीडीचं जुनं औषध चालू असेल तर ते पुरत नाही, कारण ते औषध फॉलेटचं शोषणच अडवतं. अशा वेळी रोज निदान 2 मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे 5 मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, म्हणून बहुधा तीच लिहून देतात. नवरा सल्फासालाझिन घेत असेल आणि दिवस राहत नसतील तर वीर्यतपासणी करा. या औषधाने शुक्राणू घटतात, ते बदललं की दोन-तीन महिन्यांत संख्या पूर्ववत होते. पोटाच्या औषधाचा याच्याशी संबंध असेल, हे बऱ्याच जोडप्यांच्या डोक्यातच येत नाही आणि तपासण्या फक्त बाईच्याच होत राहतात.

कुठलं चालू, कुठलं बंद

मेसालामाइन चालू ठेवा, गोळी असो, सॅशे असो, एनिमा असो की गुदद्वारात ठेवायची सपोझिटरी. मात्रा स्वतःहून कमी करू नका. काही गोळ्यांच्या आवरणात पूर्वी डायब्यूटिल थॅलेट नावाचा पदार्थ असे, तो गरोदरपणात नको. तुमच्या ब्रँडमध्ये तो नाही ना, एवढं एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आधीपासून पचत असेल तर चालू ठेवतात. नव्याने मात्र गरोदरपणात सुरू करत नाहीत, कारण पहिल्या काही आठवड्यांत स्वादुपिंडाला सूज येणं किंवा पांढऱ्या पेशी एकदम घसरणं, हे दोन धोके असतात. पेशी घसरण्याला कारण ठरणारा जनुकीय फरक भारतीयांमध्ये बऱ्यापैकी आढळतो. चालू असेल तर दर तिमाहीला सीबीसी आणि लिव्हरची तपासणी करा. उन्हाळ्या-पावसाळ्यात डोळे पिवळे झाले तर 'अझाथायोप्रिनमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई ची कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी रक्त तपासा.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब ही इंजेक्शनं गरोदरपणभर चालू ठेवावीत, असंच आता सांगितलं जातं. पूर्वी सहाव्या-सातव्या महिन्यात ती थांबवत, अजूनही काही ठिकाणी थांबवतात. शेवटच्या तिमाहीत ती वारेतून बाळाकडे जातात हे खरं, आणि त्याचा परिणाम लसींच्या वेळापत्रकावर होतो. पण म्हणून आठव्या महिन्यात आजार उसळू देणं हा काही सौदा नव्हे. शेवटचा डोस कधी आणि बाळंतपणानंतरचा पहिला कधी, या तारखा पोटाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता अपवाद. मेथोट्रेक्सेट घेत असताना दिवस राहता कामा नयेत. त्याने गर्भपात होतो आणि बाळात व्यंग येतं. ते निदान तीन महिने आधी बंद हवं आणि तोवर गर्भनिरोधक वापरायला हवं. टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब या गोळ्याही नकोत, त्या निदान चार आठवडे आधी बंद करायच्या. टोफासिटिनिबच्या स्वस्त जेनेरिक आल्यापासून ती कोलायटिसच्या तरुण मुलींनाही सर्रास दिली जाते. लग्न ठरलंय किंवा मूल हवंय, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. यातलं काही चालू असताना दिवस राहिलेच तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भ पाडायचाच असा निर्णय घरात बसून घेऊ नका.

आणि एक वेगळीच तक्रार. आपल्याकडे जुलाब म्हटलं की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल किंवा नॉरफ्लॉक्स-टिनिडाझोलची पट्टी न मागता हातात पडते. गरोदरपणात ती जोडगोळी टाळायची असते, आणि कोलायटिस उसळलेला असेल तर तिचा उपयोगही नसतो. उलट अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आतड्यात माजतो आणि तो हुबेहूब फ्लेअरसारखाच, म्हणजे आजार उसळल्यासारखाच, दिसतो. जुलाब थांबवायची लोपेरामाइडही मनाने घेऊ नका.

उसळलाय हे ओळखायचं कसं

इथे गरोदरपण भलतीच फसवाफसवी करतं. ईएसआर ही सुजेची रक्ततपासणी, पण तो गरोदरपणात एरवीही चढलेला असतो, म्हणून तो बाजूला ठेवा. रक्त पातळ झाल्याने हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन दोन्ही थोडे उतरतात. लोहाच्या गोळीने संडास काळी होते, ते रक्त नव्हे. बद्धकोष्ठतेने मूळव्याधीचं रक्तही पडतं. मात्र ते ताजं लाल असतं, बांधलेल्या संडासवर रेघ दिसते किंवा शेवटी थेंब पडतात. आजाराचं रक्त आव आणि पातळ संडास यांच्यात मिसळलेलं असतं, घाई होते, झोपेतून उठवतं. रात्री संडाससाठी उठावं लागणं या एका खुणेला मी सगळ्यात जास्त मान देते. गरोदर बाई लघवीला रात्री उठतेच, संडासला उठायला नको.

शंका आली तर कॅलप्रोटेक्टिन पुन्हा करा, ते गरोदरपणातही भरवशाचं राहतं. नमुना संडासच्या भांड्यातल्या पाण्यातून नको, कोरड्या डबीत घ्या, आणि आपल्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याच नमुन्यातून जंतूंची, अमीबाची आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची तपासणी मागा. गरज पडली तर शेवटच्या भागापुरती दुर्बीण, म्हणजे सिग्मॉइडोस्कोपी, डाव्या कुशीवर झोपवून करता येते. त्यासाठी पोट साफ करायचं ते लिटरभर औषध प्यावं लागत नाही. आतड्याची सोनोग्राफीही चालते. फक्त गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याचा फॉर्म एफ आलाच, त्यामुळे पोट दाखवायला गेलात तरी ओळखपत्र सोबत असू द्या. एमआरआय चालतो, गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र नको. सीटी शक्यतो टाळतात, पण आतडं अडकलं किंवा फुटल्याची शंका असेल तर डॉक्टर करतील आणि करू द्यावा.

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि सोबत ताप, पोटफुगी किंवा बसल्या जागी धडधड असेल तर ओपीडीची वाट बघू नका, भरती व्हा. भरती असताना पोटावर एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन दिलं तर 'रक्त पडतंय आणि रक्त पातळ करायचं औषध देतात?' म्हणून भांडू नका. गरोदरपण आणि पेटलेला कोलायटिस, दोन्हींत पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दोन्ही एकत्र आले की तो सोडून चालत नाही.

प्रेडनिसोलोन लागलंच तर घ्या. वार त्यातला बराचसा भाग निष्क्रिय करते, म्हणून बाळापर्यंत थोडंच पोचतं. साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला 5 ने उतरवतात. बरं वाटलं म्हणून एकदम सोडायचं नाही. साखर मात्र वाढते. नेहमीची 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी आधी नॉर्मल आली असली तरी स्टिरॉइड सुरू झाल्यावर पुन्हा करा. 140 किंवा वर आली तर तो गरोदरपणातला मधुमेह. तीन आठवड्यांहून जास्त स्टिरॉइड चालू असेल तर बाळंतपणाच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनची सुई लागू शकते. ही गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळली पाहिजे.

लोह

सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आजार शांत असेल आणि ती पचत असेल तर जरूर घ्या. कोलायटिस चालू असताना मात्र ती पोट बिघडवते आणि सूज असलेलं शरीर तोंडावाटे आलेलं लोह नीट शोषतही नाही. मग तीन महिने गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन 9 चं 9 आणि डॉक्टर विचारतात, 'गोळ्या खाता की फेकता?' हिमोग्लोबिन 11 च्या खाली आणि फेरिटिन 30 च्या खाली असेल तर लोह कमी आहे हे नक्की. सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा 100 पर्यंतचं फेरिटिनही कमीच समजायचं. पहिली तिमाही उलटली की लोह शिरेतून देता येतं. आयर्न सुक्रोज 200 मिलिग्रॅमच्या हप्त्यांत, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत. दुसरं महाग, पण चंद्रपूर-गडचिरोलीहून पाच खेपा करण्यापेक्षा परवडतं.

खाणं आणि नागपूरचा मे महिना

आयबीडीसाठी म्हणून एकच एक पथ्य नाही. आजार शांत असेल तर वरण-भात, पोळी, भाजी, दही, अंडी, मासे, सगळं चालतं. सावजी रस्सा आणि तर्री-पोह्याने आतडं पेटत नाही, पण तेवढं तेल-तिखट पोटात गेलं की जुलाब होतात आणि मग तो फ्लेअर आहे की रस्सा, हे ओळखण्यात आठवडा जातो. म्हणून नऊ महिने तरी जरा दूर राहिलेलं बरं.

क्रोन्समुळे आतडं अरुंद झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग हुरडा, मक्याचं कणीस, अख्खे चणे आणि संत्र्याच्या फोडीची पांढरी साल पोटात अडकू शकते. संत्री सोडायची गरज नाही, रस गाळून घ्या. ज्वारी हवीच असेल तर भाकरीपेक्षा ताकातल्या मऊ कण्या बऱ्या. बाळंतपणानंतर येणाऱ्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांनाही हाच नियम. अरुंद आतड्यात फुगणारा डिंक नको, तूप-खोबऱ्याचा रव्याचा लाडू चालेल. जेवल्यावर कळा येऊन पोट फुगणं, उलटी आणि गॅसही न सरकणं ही अडकल्याची लक्षणं. अशा वेळी घरगुती काढे देत बसू नका.

उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास असताना जुलाब लागले तर अंगातलं पाणी तासांत उतरतं आणि त्याने वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात, 4.2 ग्रॅमचं 200 मिलिलिटरमध्ये. ग्लासात अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका. कागदी डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. लघवी सहा-आठ तास झाली नाही किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सलाईन लागेल. रस्त्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा या काळात नकोच, कारण वर सांगितलेली दूषित पाण्याची कावीळ.

अडालिमुमॅबची सुई 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. बऱ्याच ब्रँडच्या पत्रकात 25 अंशांपर्यंत 14 दिवस बाहेर चालेल असं लिहिलेलं असतं. ते वाक्य मे महिन्यातल्या नागपूरसाठी नाही, इथे घरातसुद्धा पारा त्याच्या वर असतो. दुकानातून आणताना थर्माकोलच्या डब्यात आणा, पण सुई गोठलेल्या जेलपॅकला चिकटू देऊ नका, मध्ये रुमालाची घडी ठेवा. एकदा गोठलेली सुई वितळली तरी वाया गेली. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नाही.

माहेरची फाईल

पोटाचा इलाज नागपुरात सुपर स्पेशालिटीत किंवा रामदासपेठेत, बाळंतपणासाठी नाव घातलंय डागा किंवा मेयो रुग्णालयात, आणि सातव्या महिन्यात बाई निघाली माहेरी गोंदियाला. दोन डॉक्टर एकमेकांशी कधी बोललेले नाहीत, तिसरे अजून भेटायचेत. डोहाळेजेवणाच्या आधी एक कागद तयार करून घ्या: आजाराचं नाव आणि तो आतड्याच्या कुठल्या भागात आहे, आधीची ऑपरेशनं, चालू औषधं मात्रेसकट, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, स्टिरॉइड कधीपासून, शेवटचं कॅलप्रोटेक्टिन, गुदद्वाराजवळ फिस्तुला (भगंदर) किंवा गळू आहे का, आणि पोटाच्या डॉक्टरांचा फोन. प्रसूतीच्या डॉक्टरांना लो-डोस अॅस्पिरिनबद्दल विचारलंत का, तेही त्यावर येऊ द्या. बीपीच्या त्रासापासून बचाव म्हणून ते 12 ते 16 आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात, आणि त्या छोट्या मात्रेने आजार उसळत नाही.

आयबीडी आहे म्हणून सिझेरियन, हे समीकरण चुकीचं आहे. गुदद्वाराजवळचा क्रोन्स चालू असेल तर सिझेरियन करतात, कारण नॉर्मल बाळंतपणात टाका घातलेली जागा भरत नाही आणि नवा फिस्तुला होऊ शकतो. मोठं आतडं काढून आतली पिशवी केलेली असेल तर त्याचा विचार सर्जनसोबत करायचा. बाकी सगळ्यांसाठी निर्णय प्रसूतीच्या कारणांवरूनच होतो.

बाळाच्या लसी

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी जाण्याआधीच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हेपटायटिस बी ची लस मिळते. यंत्रणा चोख आहे, आणि नेमकी इथे तीच अडचण होते. आईने गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तात कित्येक महिने राहतं, आणि बीसीजीतला जिवंत जंतू अशा बाळात पसरू शकतो. 2010 मध्ये ब्रिटनमधून अशा एका बाळाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणून बीसीजी निदान सहा महिने पुढे ढकलतात, काही डॉक्टर बारा महिने सांगतात. सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर ती राहूनच जाईल. घरात कोणाला टीबी असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगा.

पोलिओचे थेंबही जिवंत लसच, त्याऐवजी टोचायची आयपीव्ही मागा. पल्स पोलिओच्या रविवारी दारात ताई आल्या की आजी कौतुकाने बाळ पुढे करते, म्हणून आजीलाही सांगून ठेवा. रोटाव्हायरसची लसही पूर्वी टाळत असत, पण 2025 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ती देता येते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी ठरवा. हेपटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल या जिवंत लसी नव्हेत, त्या वेळेवरच द्या. आईला फक्त मेसालामाइन किंवा अझाथायोप्रिन असेल तर यातलं काहीच लागू नाही, बीसीजी जन्मल्याबरोबर द्या. उगाच घाबरून टाळलेली बीसीजी हाही आपल्या भागात धोकाच आहे.

'बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ देऊ नये' हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत, बाळाच्या फाईलच्या पहिल्या पानावर हवं आणि बाळंतपणाच्या खोलीतल्या सिस्टरला तोंडीही सांगितलेलं हवं.

बाळंतपणानंतर

अंगावर पाजताना मेसालामाइन, अझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन आणि वर सांगितलेली इंजेक्शनं, सगळं चालतं. दूध पिळून फेकायची गरज नाही. सल्फासालाझिन घेत असाल आणि बाळाला जुलाब किंवा संडासात रक्त दिसलं तर डॉक्टरांना सांगा. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब दूध पाजताना नाहीत. इन्फ्लिक्सिमॅबचा पुढचा डोस नॉर्मल बाळंतपणानंतर 24 तासांनी, सिझेरियननंतर 48 तासांनी देता येतो, फक्त जंतुसंसर्ग नसावा. टाके दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकची सुई सवयीने दिली जाते. आधी पॅरासिटामॉल मागा, कारण काही जणींचा आजार डायक्लोफेनॅकने उसळतो. आणि बाळ झालं, आता औषध कशाला, हा दुसरा धोक्याचा टप्पा. रात्री जागून, जेवण चुकून गोळ्यांची पट्टी आठ-आठ दिवस तशीच पडून राहते. बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हाच स्वतःच्या कॅलप्रोटेक्टिनचा नमुनाही देऊन या.